आडमुठीचा डबा

दापोड्यात शेतामध्ये हातात यंत्र धरून उभा असलेला माणूस म्हणजे मोजणीवाला, हे शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल. मोजणीवाल्यामागे शेठ येतो, शेठमागे जेसीबी, आणि पुढच्या दिवाळीला भाताच्या जागी पत्र्याचं गोडाऊन उभं. त्यामुळे २००८ साली पाऊस सरल्यावर बाळारामच्या खाचरांत परकी माणसं यंत्रात बघत फिरू लागली, बांधावर वाकून काहीतरी हुडकू लागली, तेव्हा गावाला घाम फुटला. कोणी म्हणालं हायवे रुंद होतोय, कोणी म्हणालं रेल्वे जातेय. एका शहाण्याने तर आपल्या बांधावर घाईघाईने नारळाची रोपं लावून टाकली. भरपाई देताना झाडं मोजतात ना!

मोजणीबिजणी काही नव्हती. तो मृणालीचा खेळ होता.

मृणाली बाळारामची धाकटी लेक, दिघाशीला दिलेली. मानकोलीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात ती दिवसभर कॉम्प्युटरवर ट्रक बघत बसायची. कुठली गाडी कुठवर पोचली, कुठला ड्रायव्हर ढाब्यावर झोपला, सगळं तिला बसल्या जागी दिसे. गाड्यांना जीपीएस बसवायला आलेल्या इंजिनिअरने तिला इंटरनेटवरचा हा खेळ दाखवला. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. एक डबा कुठेतरी लपवायचा, जागेचे आकडे साइटवर टाकायचे, सोबत एक खूण लिहायची. मग कुठली कुठली माणसं जीपीएसचं यंत्र घेऊन येतात, डबा हुडकतात, आतल्या चिठ्ठीवर सही करतात आणि डबा होता तसा ठेवून जातात. बक्षीस म्हणून शेंगदाणासुद्धा नाही.

"मग येतात कशाला?" मृणालीने विचारलं.

"शोधायला," तो म्हणाला. तिला हे उत्तर फार आवडलं.

त्या साइटवर लोक आपल्या डब्यांना ठरवून एका जातीची नावं द्यायचे. कोणी पक्ष्यांची, कोणी किल्ल्यांची. मृणालीने सिनेमांची दिली. आणि सिनेमे कोणाचे, तर तिच्या बापाचे.

बाळारामने उभ्या जन्मात एकही सिनेमा काढला नाही. काढणार कुठून? लावणी, कापणी, झोडणी यातच माणूस संपला. पण गावात सिनेमाचा तंबू लागला की पहिलं बाकडं त्याचं. सातबाऱ्यावर शेतांना नुसते गट नंबर असतात, हे काही त्याला पटायचं नाही. म्हणून त्याने आपल्या पाच खाचरांना आपण पुढेमागे काढणार असलेल्या सिनेमांची नावं ठेवली. विहिरीजवळचं 'विहिरीतला वकील'. खाडीकडचं 'सवत आली होडीनं'. मधली दोन, 'लंगडा फौजदार' आणि 'खारलेला खजिना'. लावणीच्या वेळी कमरेत वाकून तो गोष्टी सांगायचा आणि मृणाली हसता हसता चिखलात बसायची. तिचा थोरला भाऊ हितेश शेतात कधी टिकलाच नाही. त्याचा पाय सदा नाक्यावर.

पाचवं खाचर कोपऱ्यातलं, वाकडंतिकडं, नांगर वळता वळत नाही असलं. त्याचं नाव 'आडमुठी'. गोष्ट अशी, की वरात निघते आणि गावाच्या शिवेवर नवरी बैलगाडीतून उतरून दगडावर बसते. म्हणते, माझ्या बापाच्या गावात माझी जागा राहील असं सगळ्यांदेखत सांगा, तरच उठेन. सासरचे हात जोडतात, माहेरचे डोळे वटारतात, बाई काही उठत नाही. पुढे काय, ते बाळारामला कधी सुचलं नाही.

"नायिका तीन तास बसूनच राह्यली तर पिक्चर चालंल कसं?" तो डोकं खाजवत विचारायचा.

तेव्हा त्याची बायको, जिला घरदार आणि पोरंही आक्काच म्हणत, भाकरीचं फडकं सोडत म्हणायची, "उठवायची कशाला? बसू दे तिला."

बाळाराम गेला आणि वर्षाच्या आत मृणालीने पाच खाचरांत पाच डबे ठेवले. बापाची नावं कुठेतरी राहावीत एवढंच तिच्या मनात होतं. 'आडमुठी'चा डबा तिने कोपऱ्यातल्या हद्दीच्या मोठ्या दगडाखालच्या बिळात सरकवला आणि साइटवर खूण लिहिली: नायिका उठली की डबा दिसेल.

इकडे हितेशने पाचही खाचरं गोडाऊनसाठी एका शेठला द्यायचं ठरवलं होतं. सातबाऱ्यावर बाळारामच्या मागे तीन नावं चढलेली: आक्का, हितेश, मृणाली. आक्काची सही काय, घरचीच, कधीही होईल. राहिली बहीण. बहिणीकडून हक्कसोड घ्यायचं, बदल्यात साडी द्यायची, ही आमच्याकडची रीत. बहिणीही देतात. का देतात? कारण न देणारीला एकच प्रश्न विचारला जातो: तुला हिस्सा पाहिजे की माहेर? ज्याने कोणी हा प्रश्न पहिल्यांदा काढला, त्याच्या तोंडात किडे पडोत.

मृणालीने निरोप धाडला होता, की चार खाचरं तुझी, मना 'आडमुठी' तेवढी पाहिजे. हितेशला वाटलं, बाईचा हट्ट, उतरेल. पण तेवढ्यात शेठच्या माणसाने यंत्रवाले बघितले आणि शेठ बिथरला. दुसरी पार्टी मोजतेय का, म्हणून त्याने व्यवहार थांबवला. शेवटी एका यंत्रवाल्याला हितेशने धरलंच. त्या बिचाऱ्याने खिशातला छापील कागद दाखवला. त्यावर पाच सिनेमांची नावं होती आणि खाली डबे ठेवणारीचं: मृणाली.

भाऊबीजेला ती माहेरी आली. पाट मांडला, हितेशला ओवाळलं. त्याने तबकात साडी ठेवली आणि साडीवर कागद. समोर केसरीनाथकाका, बाळारामचा धाकटा भाऊ, साक्षीदार म्हणून बोलावलेला. आक्का भिंतीशी बसलेली.

"आज हितं सही कर," हितेश म्हणाला, "परवा कचेरीत जाऊ. आनि ते डबे उचल. गावात माझी इज्जत घालवलीस."

मृणालीने निरांजन आधी नीट खाली ठेवलं.

"दादूस, चार खाचरांची सोड आत्ता लिहून देते. पाचवं माझं."

"वाकड्या कोपऱ्याशिवाय शेठ हात लावत न्हाय. आनि तुला त्या शेताचं काय माहीत हाय? लगीन करून गेलीस तू."

"बाय, ऐक जरा," केसरीनाथकाका समजुतीने म्हणाला. "हिश्शापायी माहेर कोनी तोडतं काय?"

झालं, आला तो प्रश्न. मृणालीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती म्हणाली, "बरं. 'आडमुठी'चा डबा हुडकून आन. यंत्र न्हाय, मानूस विचारायचा न्हाय. खूण तुला सांगते. तू शेताचा धनी ना? आनलास तर पाचही खाचरांवर सही करते."

खूण ऐकून हितेश हसला. अर्ध्या तासाचं काम, म्हणाला. शेठचा जेसीबी शेजारच्या प्लॉटवर होताच, तो त्याने सरळ खाचरात घातला. त्या वर्षी त्याने लावणीच केली नव्हती, त्यामुळे गवत कमरेइतकं माजलेलं. मृणाली बांधावर उभी राहून बघत राहिली, आक्का आणि काका शेजारी टेकले. लपवलेली वस्तू पुरलेलीच असणार, असं धरूनच हितेश खणत होता. आणि या खेळात डबा पुरायचा नसतो, हा तर पहिला नियम. खणत खणत जेसीबी कोपऱ्याकडे सरकू लागला, तशी मृणाली बांधावरून दोन पावलं पुढे आली. दगड उलटला असता तर डबाही गेला असता आणि शेतही.

तेवढ्यात आक्का उठली. गवतातून वाट काढत ती गेली आणि हद्दीच्या त्या दगडावर जाऊन बसली. पदर खोचला, पाय पसरले. हितेशला वाटलं, म्हातारी दमली. त्याने जेसीबी दुसरीकडे वळवायला सांगितला. मृणालीला मात्र कळलं. खूण आक्काने एकदाच ऐकली होती.

मग आलं एक जोडपं. पुण्याचं, पाठीला पिशव्या, डोक्याला टोप्या. कोणाकडे न बघता ते यंत्रात बघत चालत आले आणि थेट आक्कासमोर थांबले.

"आजी, जरा उठता का?" त्यातली बाई अदबीने म्हणाली. "आमचा डबा तुमच्याखाली दिसतोय."

"न्हाय," आक्का म्हणाली.

जेसीबी बंद झाला. हितेशच्या सगळं ध्यानात आलं. तो ढेकळं तुडवत आला आणि आईसमोर उभा राहिला.

"आक्का, उठ."

"उठव," आक्का म्हणाली. "हाताला धर आनि उठव. काकाच्या देखत, या पावन्यांच्या देखत. मंग घे डबा."

हितेशने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. आईला ओढून काढणारा म्हणून गावात नाव करून घ्यायची त्याची छाती नव्हती. तेवढा तो बाळारामचा होता.

"हिला माहेर तोडायची भीती घालतोस?" आक्का पुढे म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "माहेर काय तुझ्या घराच्या लादीत हाय, का तुझ्या गेटात? हिचं माहेर मी हाय. आनि मी हितं बसलंय. या कोपऱ्यावर माझीबी सही लागते, ती न्हाय देत मी. जा, सांग तुझ्या शेठला."

केसरीनाथकाका खाली बघत चपलेने ढेकूळ फोडत राहिला. हितेश घराकडे गेला. पुढे शेठ चार खाचरांवर राजी झाला, मायलेकींनी तेवढ्यांच्या सह्या दिल्या आणि गोडाऊन झालंच, बाळारामचे चार सिनेमे सिमेंटखाली गेले. पण त्या कोपऱ्याशी आल्यावर गोडाऊनची भिंत वळसा घालून जाते. ती का वळते, ते दापोड्यात कोणालाही विचारा.

उन्हं कलल्यावर आक्का आपण होऊन उठली. दगडाखाली हात घालून तिने डबा काढला आणि पुण्याच्या बाईपुढे धरला. ती बाई म्हणाली, "आजी, तुम्हाला आधी सापडला, आधी तुमचं नाव." मृणालीने पेन दिलं. आक्का रात्रीच्या साक्षरतेच्या वर्गात सही शिकली होती, तीही कधी लागली नव्हती. गुडघ्यावर चिठ्ठी ठेवून तिने सावकाश, एकेक अक्षर दाबून सही केली. त्या भाऊबीजेला त्या घरातल्या कोणी केलेली सही ती एवढीच.