दहा मोजा

मी चिली देशातल्या चिलोए बेटावरच्या एका मच्छीमार वस्तीचा वायरलेस बोलतोय. कुठे घडलो ते आठवत नाही. कळायला लागलं तेव्हा मच्छीमारांच्या संघाच्या लाकडी खोलीत होतो आणि समोर इर्सिलिया बसली होती. वय तेवीस, कॉलेज शिकून परतलेली.

होड्या चौदा आणि बोलायची वाट एकच. कुणी बोललं की इर्सिलिया ‘ऐकलं’ म्हणे. दोघं एकदम बोलले, तर माझ्यातून नुसती खरखर येई. कोण बोललं तेही कळत नसे. त्यासाठी संघाचे प्रमुख एवारिस्तो, म्हणजे तिचे मामा, यांनी भिंतीवर नियम लावला होता: ‘ऐकलं’ आलं नाही तर दहा मोजा, मग पुन्हा बोला.

माणसं आज्ञाधारक. दोघंही नेमके दहा मोजत आणि पुन्हा एकदम बोलत.

“मामा, दोघं सारखंच थांबणार, तर थांबायचंच कशाला?” इर्सिलिया म्हणे. “खेळायचे फासे प्रत्येक होडीत आहेत. एक फासा टाका. जितके ठिपके, तितक्या वेळा दहा मोजा.”

“वीस वर्षं आम्ही एकदाच दहा मोजतोय. समुद्रावर जुगार नको.”

“वीस वर्षं एकमेकांवर ओरडताय म्हणा.”

“उलट बोलायला कॉलेजात शिकवतात वाटतं.”

“नाही. ते घरीच शिकले, तुमच्याकडून.”

एका दुपारी उत्तरेचा वारा सुटला. बारा होड्या परतल्या. मामांची आणि निबाल्दोची बाहेरच राहिली.

माझ्यातून खरखर आली. दहा अंकांची शांतता. पुन्हा खरखर. पुन्हा दहा. तिसऱ्या खेपेला त्या दहा अंकांतच इर्सिलियाने माइक ओढला. “दोघांनी फासा टाका. मामा, तुम्हीसुद्धा.”

थोड्या वेळाने एकच आवाज आला, स्वच्छ. “निबाल्दो. खाडीच्या तोंडाशी पोचलोय. सगळं ठीक.”

“ऐकलं.”

मग काही नाही. ती नखाने टेबलावर मोजत होती. तीस. चाळीस. पन्नास. मला घाई कधीच नसते. तिचं नख मात्र तुटलं.

साठाला मामा बोलले. “एवारिस्तो. होडीत पाणी शिरतंय. काळ्या खडकाच्या दक्षिणेला.”

“ऐकलं. निबाल्दो, मागे फीर.”

संध्याकाळी मामा घोंगडी पांघरून खोलीत आले.

“सहा पडले?” तिने विचारलं.

“सहा.”

“पाणी कुठवर होतं?”

“गुडघ्यापर्यंत.”

“अहो, मग एक पडला म्हणून बोलून टाकायचं. कोण बघत होतं?”

“नियम म्हणजे नियम,” मामा म्हणाले.

मामांनी भिंतीवरच्या कागदावरचं काही खोडलं नाही. ‘दहा मोजा’च्या आधी पेन्सिलीने लिहिलं, ‘फासा टाका’.

आता सगळ्यांच्या खिशात फोन आहेत. माझ्यावर जाळी रचून ठेवतात. मला भंगारात द्या, तक्रार नाही. तो कागद मात्र भिंतीवर राहू द्या. खाली इर्सिलियाचं नाव तेवढं घाला. ते मामांकडून राहून गेलं.