घोड्याचा बळी

प्राध्यापकाने पटावरचा घोडा मारला, तोही जराही न थांबता, डाव्या हाताने नाक कोरत.

समोर बसलेल्या कवळीवाल्याने तोंड फिरवलं. दिवसभर लोकांच्या तोंडातले साचे हाताळणारा माणूस, सहसा कशाचीच किळस यायची नाही त्याला. पण डाव सुरू होतो न होतो तोच घोडा असा फुकट मिळाला, की सापळ्याच्या शंकेने समोरच्याला घाम फुटायला हवा! त्यासाठीच तर वर्षभर दर रविवारी मेहुण्याला समोर बसवून त्याने ही सुरुवात घोटली होती. आज जिंकला तर शहराच्या संघात जागा. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला पुन्हा कोण विचारतंय?

त्याने वजिराने शह दिला. प्राध्यापकाने राजा उचलून सरळ पटाच्या मधोमध आणला.

घराला आग लागल्यावर कोणी आतल्या खोलीत जाऊन बसत नाही. तशी ती चाल. पण वाचवणारी तेवढी एकच. बसल्या बैठकीला कुणाला सुचणं शक्य नाही. ती ठाऊक होती फक्त दोघांना.

त्याने मान वर केली. दोरीपलीकडे उभा मेहुणा घाईघाईने पंख्याकडे बघायला लागला.

घोडा गेला तो गेलाच. तरी कवळीवाला चिवटपणे खेळत राहिला, संध्याकाळपर्यंत. मग हरला. प्राध्यापकाचा ओलसर हात हातात घेतला आणि बाहेर येऊन नळाखाली हात खसखसून धुतले.

"तू सांगितलंस त्याला?"

"आईशप्पथ भाऊजी, सांगितलं असं नाही... बोलता बोलता निघालं. चहाला घेऊन गेले. म्हणाले, डोकं तुमचं आणि नाव भाऊजींचं, असं दिसतंय. मग दाखवलं जरा."

"एका चहावर?"

"बिस्किटं पण होती," मेहुणा हसला. कवळीवाला हसला नाही, तसा तो वरमला. "चुकलं. आपण नवीन शोधू की एखादी. फक्त ताईला नका सांगू हं."

लाच घेतली असती तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या. एवढ्याशा कौतुकासाठी? थुंकावंसं वाटलं त्याला.

"गाडी काढ," तो म्हणाला.

घर एकच, रस्ता एकच. स्कूटरवर तो मागे बसला. रस्ताभर खड्डे. दरवेळी मेहुणा ओरडायचा, "धरा हो भाऊजी, खांदा धरा!"

कवळीवाल्याने दोन्ही हातांनी मागची लोखंडी दांडी धरली होती.