आक्का आणि अडीच तास

मित्रांनो, मी एक जुनी शिडाची होडी आहे. राहते सिंगापुरात, पण माझ्या पोटातलं घड्याळ पुण्याची वेळ दाखवतं. याच घड्याळापायी एकदा माझा शेवट व्हायची वेळ आली होती. कशी, ते सांगते.

माझा जन्म तैवानमधल्या एका शेडमधला. लांबी तीस फूट, अंग फायबरचं, डोलकाठी चार मजले उंच. पाण्याखाली माझ्या पोटाला एक जाडजूड, वजनदार पातं आहे, त्याला कील म्हणतात. ते आहे म्हणून वाऱ्यात मी कलते, पण उलटत नाही. मात्र त्याच्यामुळेच मला उथळ पाण्याची भीती वाटते. तुम्ही पायरी चुकलात तर गुडघा फुटतो, मी चुकले तर चिखलात रुतते.

पहिले दोन मालक माझ्यावर पार्ट्या करायचे आणि विसरून जायचे. मग निशिकांत आले. पुण्याहून सिंगापूरला आलेले, हौगांगच्या फ्लॅटमध्ये राहणारे एक हिशेबनीस. पोहता धड येत नव्हतं, पण मला पाहिलं आणि म्हणाले, "हिचा कणा सरळ आहे." त्यांनी माझं नाव ठेवलं 'आक्का'. त्यांच्या आईला सगळे आक्का म्हणायचे. दर रविवारी तिच्या चहाच्या वेळेला ते माझ्या डेकवरून पुण्याला फोन लावत. वेळ चुकू नये म्हणून त्यांनी केबिनमध्ये एक पितळी घड्याळ ठोकलं आणि ते पुण्याच्या वेळेला लावलं. पुढे आक्का गेल्या. फोन थांबला. घड्याळाला मात्र कुणी हात लावला नाही. निशिकांत भरती-ओहोटीच्या वेळासुद्धा त्याच घड्याळाप्रमाणे वहीत लिहीत राहिले. त्यांची लेक अनघा लहानपणापासून एक नियम शिकली होती: आक्कावर पाऊल टाकलं की बाबांच्या वेळेत अडीच तास मिळवायचे.

ती वर्षं माझी सोन्याची होती. लोक धक्क्यावर थांबून माझी शिडं बघायचे. अनघा शाळकरी वयात माझं सुकाणू धरायची आणि बाबा शेजारी बसून फक्त "हं" म्हणायचे.

मग निशिकांतांचा गुडघा गेला. अनघाचं लग्न झालं, नोकरी आली, श्रिया झाली. मी ईशान्येकडच्या एका खाडीत, खारफुटीच्या कडेला बांधलेली राहिले. तळाला शिंपले चिकटले, दोरांवर शेवाळ आलं. रागावू कुणावर? सगळे आपापल्या भरती-ओहोटीत होते.

एक दिवस धक्क्यावर नोटीस लागली. खाडीच्या तोंडावर एक उचलता पूल होता. उंच डोलकाठीची होडी आली की हमीद अंकल त्यांच्या चौकीतून बटण दाबत, आणि पुलाचा रस्ता दारासारखा एका बाजूने वर उभा राही. आता तो पूल कायमचा बंद होणार होता. शनिवारी दुपारी दोनपर्यंत उचलला जाईल, त्यानंतर कधीच नाही. आत राहिलेल्या होड्या मोडीत निघतील. बाकीच्या होड्या एकेक करून गेल्या. मी एकटी उरले.

"विकून टाक," निशिकांत फोनवर म्हणाले. आवाज जरा जास्तच कोरडा होता. "तुझ्यामागे कमी व्याप आहेत का?"

"बाबा, आक्काला कुणी मोडीत काढतं का?" अनघा म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मित्रांनो, त्यानंतरचे सहा शनिवार मी विसरणार नाही. मरीन परेडच्या आपल्या घरून ती भल्या सकाळी यायची. तिने शिंपले खरवडले, दोर बदलले, इंजिनाचं तेल बदलताना नाकाला काळं लावून घेतलं. श्रिया डेकवर बसून चित्रं काढायची. नवरा रुचिर बँकेत आकड्यांशी खेळणारा, हातात ब्रश घेऊन म्हणायचा, "लग्नाच्या बायोडेटात 'सासऱ्यांची होडी' असा रकाना नव्हता हं!" पण घासायचा मात्र मन लावून. समुद्राच्या बाजूच्या एका धक्क्यावर माझ्यासाठी जागाही मिळाली. उरला फक्त पूल.

पुलाखाली वाळूचा उंबरठा आहे. पूर्ण भरतीलाच माझं कील त्यावरून जातं, तेही जेमतेम वीतभर अंतराने. आणि या खाडीत भरती छापील वेळेला कधीच येत नाही, वळणावळणाने उशिरा पोचते. हा उशीर फक्त निशिकांतांच्या वहीला ठाऊक. म्हणून शुक्रवारी त्यांनी डब्यासोबत चिठ्ठी पाठवली: "पूर्ण भरती १०.४०. त्याच्या दहा मिनिटं आधी पुलाखाली हवीस."

अनघाने चिठ्ठी वाचली, सवयीने अडीच तास मिळवले आणि आकडा मनात पक्का केला: एक दहा.

शनिवारी सगळे निवांत आले. डेकवर पोह्यांचा डबा उघडला. माझ्या अंगाखाली पाणी चढत चढत आलं, भरलं, क्षणभर थांबलं आणि हळूच मागे फिरलं. मला कळत होतं. ओरडावंसं वाटत होतं. पण होडीला बोलता कुठे येतं? मी दोर ताणून करकरले.

"आई, आक्का मेकिंग नॉइज," श्रिया म्हणाली.

"म्हातारी आहे, कुरकुरणारच," रुचिर म्हणाला आणि त्याने अजून पोहे घेतले.

सव्वाअकराला निशिकांतांचा फोन आला. "काय अनू, पडलात का बाहेर?"

"अहो बाबा, आता कुठे? अजून दोन तास आहेत."

पलीकडून अगदी बारीक आवाज. "मी दहा चाळीस लिहिलं होतं."

"हो ना, म्हणजे आपलं एक दहा."

"अनू... ती सिंगापूरची वेळ होती गं. तुला मोबाईलवर वेळ बघायची सवय. म्हटलं, पोरीला कशाला हिशेबात पाडा. आयुष्यात पहिल्यांदा त्या घड्याळाची वेळ सोडून लिहिली मी."

अनघा धक्क्याच्या खांबावरच्या ओल्या रेषेकडे पाहत राहिली. रेषा आता पाण्याच्या वर होती.

"पाणी उतरतंय का?" निशिकांतांनी विचारलं.

"उतरतंय."

"मग बोलत काय बसलीस? सोड दोर! आणि ऐक, नाहीच जमलं तर—"

"जमेल, बाबा." तिने फोन खिशात टाकला. "रुचिर, पुढचा दोर! श्रिया, लाइफ जॅकेट नीट लाव आणि इथे माझ्याजवळ बस."

माझं इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा खोकलं आणि लागलं. तिने रेडिओ सुरू केला. हमीद अंकल जणू वाटच पाहत होते. माझं नाव ते 'आका' असं घेतात आणि सिंगापुरी ढंगाने वाक्याला 'ला' जोडतात.

"आका, आका! दहापासून बसलोय मी. वाटलं, विचार बदलला की काय!"

"सॉरी अंकल, वेळ चुकली. पूल उचलाल का?"

"उचलतो, पण पाणी कमी झालंय ला. अडकलात तर मी ओढू शकत नाही, हां."

"माहीत आहे," अनघा म्हणाली.

आम्ही वळण घेतलं तेव्हा घंटा वाजत होती. पुलाचा रस्ता डाव्या हाताला आभाळात उभा राहत होता. मी नाक सरळ ठेवलं. पुलाखाली शिरले आणि खालून कुणी पाय धरावा तसा हिसका बसला. कील वाळूत घुसलं. श्रियाच्या हातातला रंगांचा डबा डेकभर सांडला.

अनघाने इंजिन उलटं चालवलं. मी वाळूतून सुटले, थोडी मागे सरकले. तिने सुकाणू घट्ट धरलं. दर मिनिटाला पाणी उतरत होतं, म्हणजे फार तर आणखी एक प्रयत्न.

तेव्हा तिला काय आठवलं, ते मला तिच्या पकडीवरून कळलं. ती दहा वर्षांची असताना एकदा आम्ही असेच टेकलो होतो. बाबा म्हणाले होते, "उंच माणूस दारातून कसा जातो? मान वाकडी करून. होडीलाही मान वाकडी करू द्यावी." मी कलले की माझं कीलही तिरकं होतं आणि मला थोडं कमी पाणी पुरतं.

"रुचिर, शिडाची ती आडवी काठी उजवीकडे बाहेर ढकल. पाण्याचे कॅन तिच्या टोकाला बांध. आणि मग तूही लटक."

"मी?"

"तूच. कॅन पुरणार नाहीत."

"शाळेत मल्लखांबाला दांडी मारली, त्याचा हा सूड आहे," असं पुटपुटत रुचिर काठीवर पोट टेकून पाण्यावर लोंबकळला. मी कलले. थोडीच.

"पप्पा, यू नॉट हेवी इनफ ला!" श्रिया ओरडली.

"सकाळपासून पोहे खाऊ नको म्हणणारी तुझी आई कुठाय, विचार तिला!"

अनघा हसली नाही. श्रियाला तिने उजव्या कठड्याला चिकटून बसवलं, स्वतः तिच्या शेजारी सरकली, लांबवलेल्या हाताने सुकाणू धरलं आणि इंजिनाचा होता नव्हता तेवढा जोर लावला.

"आका, उजवीकडेच झुका!" रेडिओवर हमीद अंकल ओरडले. "डावीकडे पूल आहे, डोलकाठी सांभाळा!"

मित्रांनो, मी म्हातारी असेन, पण त्या क्षणी मी जीव एकवटला. कील वाळूवरून खरवडत गेलं. तळातून असा आवाज आला की केबिनमधलं घड्याळ खिळ्यावर थडथडलं. मी थबकले. अनघा दात आवळून एवढंच म्हणाली, "चल, आक्का. चल." मागून ओहोटीचं पाणी समुद्राकडे धावत होतंच. मघाशी ज्या पाण्याने दगा दिला होता, त्यानेच आता पाठीला हात लावला. एक खरवड, आणखी एक, आणि खाली एकदम काही लागेना. खोल, गार, हिरवं पाणी.

हमीद अंकलनी चौकीबाहेर येऊन दोन्ही हात हलवले. रुचिर अजून लटकलेला होता. "कुणी मला आत घेणार आहे का," त्याने विचारलं, "की नव्या धक्क्यापर्यंत असाच?"

अनघाने फोन लावला. बोलायला गेली आणि तिला रडूच कोसळलं. पलीकडून निशिकांत म्हणाले, "हं." पूर्वी शेजारी बसून म्हणायचे तसंच.

पुढच्या रविवारी ते काठी टेकत नव्या धक्क्यावर आले. माझ्यात उतरायला त्यांना दोघांचे खांदे लागले. घड्याळासमोर बसून म्हणाले, "आता याला सिंगापूरची वेळ लावावी. माझ्या खुळापायी आक्का गेलीच असती."

"ते तसंच राहू दे," अनघा म्हणाली. "पण यापुढे माझ्यासाठी तुम्ही मनातल्या मनात काही बदलायचं नाही. मीही गृहीत धरायचं नाही. विचारायचं."

आता दर शनिवारी सकाळी तिचा फोन जातो, "बाबा, कुठल्या घड्याळाप्रमाणे?" भरतीची वेळ एका वाक्यात सांगून होते. फोन मात्र अर्धा तास चालतो.

माझ्या कीलवर त्या दिवसाचे ओरखडे आहेत. म्हणून तुम्हाला एकच विनंती करते, मित्रांनो. जुनी होडी, जुनं घड्याळ, दुखऱ्या गुडघ्याचे आजोबा, सगळ्यांना जपा. पण त्यांना काय हवंय ते मनातल्या मनात ठरवू नका. जवळ जाऊन, मोठ्याने विचारा. आम्ही उत्तर द्यायला केव्हाचे तयार बसलेलो असतो.