टोपल्याखालचं पीठ

त्या साली यवतमाळकडे कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारणारा आत शिरला की दिसायचा नाही, आणि विष पानांवर बसायच्या आधी त्याच्याच नाकात जायचं. पुंडलिकरावांचा मुलगा कपिल तसाच गेला. दवाखान्यात बरेच दिवस झुंजला. तिथल्या व्हरांड्यात गणपतीची तसबीर होती.

"एकडाव हात जोडा ना," विमलताई नवऱ्याला विनवायच्या.

"त्यानं विष उतरते काय?" म्हणत पुंडलिकराव सलाइनच्या थेंबांकडे पाहत उभे राहायचे. जन्मभर त्यांनी ना नवस केला, ना अंगारा लावला. गावात, फुलसावंगीत, त्यांना 'बिनदेवाचे' म्हणत.

सरण पेटवून माणसं परतली. घरात कपिलला निजवलं होतं त्या जागी बायांनी पीठ पसरलं, वर टोपलं झाकलं, शेजारी दिवा लावला. सकाळी पिठात ज्याची पावलं उमटतील, त्याच्या जन्माला जीव गेला म्हणायचा.

सकाळी शेजारचे माळकरी बबनराव टोपलं उचलायला आले. विमलताईंच्या डोळ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, त्यात रडून रडून समोरचं सारं धूसर. भिंतीला धरून त्यांनी विचारलं, "कायचे पाय हायेत?"

पीठ जसं पसरलं तसंच होतं.

पुंडलिकराव वाकले. "पाखराचे," ते म्हणाले. "लहानशा पाखराचे. साफ दिसून राह्यले."

विमलताईंनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "तुमाले कवापासून दिसाले लागले?" आवाजात राग नव्हता, तेच वाईट. "उगा मले समजावू नका. बबनभाऊजी, तुमी सांगा. तुमी माळकरी, खोटं नाही बोलनार."

बबनरावांनी पिठाकडे पाहिलं, मग वर पाहिलं. विमलताईंच्या पाठीमागे पुंडलिकरावांनी दोन्ही हात जोडले होते. तसबिरीपुढे न जुळलेले ते हात आज शेजाऱ्यापुढे जुळले होते. म्हण बाबा. एकडाव म्हण.

बबनरावांचे ओठ हलले. हात गळ्यातल्या माळेवर गेला.

"वैनी, मले काही दिसून नाही राह्यलं."



"पोरगं वाटंतच असन अजून," विमलताई म्हणाल्या. "झाका ते परत. अन् दिव्यात तेल टाका."

पुंडलिकरावांनी स्वतःच टोपलं घेतलं. पीठ विस्कटू नये म्हणून श्वास रोखून ते खाली ठेवलं. मग दिव्याचं तेल आणायला देवघरात गेले, आणि तिथेच उभे राहिले. बुधली कुठं असते, हे त्यांना कधी ठाऊकच नव्हतं.