आधी ढलपीचा रंग सांग

मी लाकडाच्या वखारीतला ओंडका बोलतोय. ज्याच्यावर ठेवून बाकीची लाकडं फोडतात, तो मी. जातीनं चिंच. जन्मभर घाव सोसले, पण जागेवरून मला कुणी हलवलं नाही, हेही काही कमी नाही.

मला इथे तात्यांच्या वडिलांनी मांडलं. पुढे वखार तात्यांकडे आली. लाकूड ओळखण्यात तात्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. आधी सालीवरून बोटं फिरवायची, मग लाकूड माझ्यावर ठेवून कुऱ्हाडीनं एक ढलपी उडवायची आणि आतला रंग, रेषा बघायच्या. बाभूळ आतून तांबूस, आंबा फिकट पिवळा. सालीच्या भेगा मात्र दोघांच्याही खोल. "नुसत्या सालीवर जाऊ नकोस," असं ते सुनेला बजावायचे.

गेल्या वर्षापासून तात्या स्वतःच ढलपी उडवेनासे झाले. साल चाचपून लगेच नाव सांगायचे. लोक म्हणायचे, याला म्हणतात अनुभव! मी मात्र त्यांना माझ्यावरच ठेवलेला चष्मा हातभर अंतरावरून शोधताना पाहिलं होतं. डोळ्यांनी दगा दिला होता आणि सांगायची लाज वाटत होती. सुनेच्याही ते लक्षात आलं होतं, पण सासऱ्यांचं मन कसं मोडायचं, म्हणून ती मूग गिळून गप्प राहिली.

एकदा भट्टीवाल्या बाई पाव भाजायला बाभूळ न्यायला आल्या. तात्यांनी भेगा चाचपल्या, वजन तोललं आणि "बाभूळ" म्हणून मोकळे झाले. तो होता आंबा, ओला, म्हणून जड. माझ्यावर एकही लाकूड ठेवलं नाही. माझा जीव नुसता तळमळला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी अर्धवट जळकं लाकूड आणून माझ्यावर आपटलं. भट्टी तापलीच नव्हती, नुसता धूर झाला, सगळे पाव कच्चे राहिले.

"चूक माझी. मीच भरून दिलं," सून म्हणाली.

तात्या सुटले होते खरं तर. पण ते चाचपडत पुढे आले आणि त्यांनी माझ्यावर हात टेकला.

"नाही बाई, नाव मी सांगितलं. मला आता रंग दिसत नाही."

बाईंचा आवाज खाली आला. सुनेनं एकेका लाकडाची ढलपी उडवून खरी बाभूळ भरून दिली.

तेव्हापासून साल तात्या सांगतात, आतला रंग सून सांगते. दोघांचं जुळलं नाही की हुज्जत चालते. मला ती ऐकायला आवडते.

आता मला मधोमध भेग गेलीय. नवा ओंडका दाराशी येऊन पडलाय. दोन दिवसांत मी फुटेन आणि घरच्याच चुलीत जाईन. त्याचं दुःख नाही. तात्या आयुष्यभर माझ्यापाशी उभे राहिले, पण माझा गाभा त्यांनी कधी पाहिला नाही. वरून मी काळवंडलोय, आतून अजून गर्द जांभळट आहे.

सूनबाई, घाव घातलास की मला घाईनं चुलीत सारू नकोस. आधी तात्यांना हाक मार, ढलपी त्यांच्या हातात दे आणि रंग सांग.