दुसरी ओळ

दिगंबर मास्तरांनी फळ्यावर पाचवी ओळ लिहिली आणि खडू खाली ठेवला. ‘रेल्वेत भरून छावणीत नेलं.’ तिच्या वर चार ओळी होत्या. ज्यूंच्या दुकानात जाऊ नका. बागेत त्यांचा बाक वेगळा. मुलांना शाळेतून काढलं. छातीवर पिवळा तारा.

त्या हिवाळ्यात राज्याची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली होती आणि त्याच राज्यात राहिलेल्या या गावात, इतवारा पेठेतल्या मराठी शाळेत, सातवीचं नवं पुस्तक अजून आलं नव्हतं. मास्तर आपल्या टिपणांवरून शिकवत होते. साठ लाख माणसं मारली, हे त्यांनी एकदाच सांगितलं, आवाज न चढवता. त्यांनी केलं काय होतं, असं कुणीतरी विचारलं. काही नाही, ते ज्यू होते, मास्तर म्हणाले. त्यांच्याबद्दलचा द्वेष शेकडो वर्षं घरोघरी होता, कायदे मागाहून आले.

मग त्यांनी एकेकाला विचारलं, शेजाऱ्यांनी कुठल्या ओळीवर तोंड उघडायला हवं होतं. बहुतेक जण पाचवी म्हणाले. केळीच्या व्यापाऱ्याचा नंदकुमार उठला.

“मी तर पहिल्याच ओळीला बोललो असतो, गुरुजी.”

“तुला तर फळा पुसायलाही दोनदा सांगावं लागतं,” सुरेश मागून म्हणाला. वर्ग हसला.

जोडे शिवणाऱ्या लोटूची कमल दाराजवळ बसायची. तिची पाळी आली तेव्हा ती आधी फळ्याकडे पाहत राहिली, मग दाराकडे.

“दुसरी,” ती म्हणाली.

घंटा झाली. दारात शाळेची पाणीवाली मथुराबाई कळशी घेऊन उभी होती. नेहमीसारखी रांग लागली, पुढे नंदकुमार. कमल रांगेत नव्हती. सगळ्यांचं पिऊन झालं की ती पायरीखाली ओंजळ धरायची आणि मथुराबाई वरून धार सोडायची. मास्तर या शाळेत आले त्याच्याही आधीपासून हे असंच चालत होतं.

मास्तर दाराशी आले. त्यांनी रांगेतली मुलं वापरत तो पितळी पेला भरून घेतला आणि पायरी उतरून कमलपुढे धरला. तिने सवयीने ओंजळ पुढे केली. मास्तर तसेच उभे राहिले. तेव्हा तिने ओंजळ सोडली, पेला दोन्ही हातांनी घेतला आणि तोंड लावून प्यायली.

“राख आणते, गुरुजी,” मथुराबाई हळूच म्हणाली. “पेला घासावा लागेल आता.”

“नको.”

त्यांनी रिकामा पेला नंदकुमारला देऊ केला. नंदकुमारने वळून फळ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, आणि त्यात उद्धटपणा नव्हता,

“गुरुजी, पहिले तुम्ही.”

इतक्या वर्षांत मास्तर शाळेत कधी पाणी प्यायले नव्हते. त्यांना तहान नेहमी घरी गेल्यावरच लागायची. मुलांना ते ठाऊक होतं.

त्यांनी पेला कळशीखाली धरला. मथुराबाईने तो अर्धाच भरला आणि हात आवरला.

“पूर्ण भरा, मथुराबाई,” मास्तर म्हणाले.