पाच सेकंदांची शांतता

"अहो, एवढा खोकला आहे तर रजा टाकायची ना!" गरम पाण्याचा पेला त्यांच्यापुढे आदळत मी म्हटलं.

"बदलीवाला धुक्यात अडकलाय. तो आला की निघतोच," बडबडे घोगऱ्या आवाजात म्हणाले.

त्यांचं खरं नाव हजेरीपुरतं. सगळा विमानतळ त्यांना बडबडे म्हणूनच ओळखायचा. चहाला बसल्यावर क्षणभर शांतता झाली की यांची टकळी सुरू. "झोपेतही वाक्य अर्धं सोडत नाहीत," असं त्यांची बायको म्हणायची.

ही सवय कामातून आलेली. वैमानिकाला खालचं काही दिसत नसेल आणि विमानातलं वाट दाखवणारं यंत्रही बिघडलं असेल, तर रडारवर त्याचा ठिपका बघत बडबडे नुसत्या शब्दांनी त्याला धावपट्टीपर्यंत आणत. शेवटच्या टप्प्यात वैमानिक फक्त ऐकतो, उत्तर देत नाही. आणि पाच सेकंद आवाज आला नाही, तर संपर्क तुटला असं समजून त्यानं विमान पुन्हा वर न्यायचं, हा नियम.

त्या सकाळी नेमकं असंच विमान आलं. यंत्र बंद, आसपासचे विमानतळ धुक्यानं बंद, आणि घिरट्या घालून इंधन उरलेलं एकाच प्रयत्नापुरतं. बिनखिडक्यांच्या त्या खोलीत आम्ही दोघंच. टॉवरचा फोन माझ्याकडे होता, पण रडारवर बोलायचा परवाना मला नव्हता. हा माणूस मध्येच खोकत सुटला तर?

"यापुढे उत्तर देऊ नका," बडबडे माइकमध्ये म्हणाले. "उतरायला लागा... किंचित डावीकडे आहात, दोन अंश उजवीकडे वळा... आता मध्यरेषेवर आहात..."

घोगरेपणा कुठल्या कुठे पळाला. मानेच्या शिरा ताठल्या होत्या, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. आवाज मात्र लहान मुलाला हात धरून जिना उतरवावा तसा. मग एकदम तो अडला. त्यांनी तोंडावर मूठ दाबली. एक, दोन, तीन...

"...थोडे खाली आहात. सावकाश उतरा... छान. उंची बरोबर आहे."

पलीकडून हूं की चूं नाही. एवढी माणसं त्या एका दुखऱ्या गळ्याच्या भरवशावर खाली येत होती, आणि त्यांना पत्ताही नव्हता. मला हात जोडावेसे वाटले, पण एका हातात फोन होता.

"टेकलं!" टॉवरचा निरोप मी ओरडूनच सांगितला. बडबडेंनी माइक बंद केला आणि टेबलावर कपाळ टेकून ते कितीतरी वेळ खोकत राहिले.

बदलीवाला आल्यावर मी त्यांना बाहेर घेऊन आले. घसा पार बसला होता. दारात त्याच विमानाचे प्रवासी टॅक्सीची वाट बघत होते. झोपलेलं मूल कडेवर घेतलेली एक बाई आमची ओळखपत्रं बघून भडकली.

"तासन्‌तास वर फिरवत ठेवलं! लोकांचं काही पडलंय का तुम्हाला?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तोच बडबडेंनी माझं मनगट घट्ट धरलं. मग वाकून त्यांनी मुलाच्या पायातून पडलेला बूट उचलला आणि त्याला जाग येणार नाही अशा बेतानं पायात घातला.

बाई जरा ओशाळली. "थँक्यू हं, काका."

बडबडेंचे ओठ हलले. आवाज फुटला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"जपून जा, ताई," मी म्हटलं.